रिकाम्या जात्याचा आवाज

भोगी, पौष महिना, १९७३

आधी वर श्री काढ. काढलास? आता लिही : ही वही छबूबाईची, अक्षर सुनेचं. छबूबाईला अक्षर येत नाही. तिला एवढंच कळतं की काळ्या मुंग्या ओळीनं चालल्या की ते शाळेतलं अक्षर आणि ओळ मोडून पळाल्या की डॉक्टरचं.

सून म्हणजे चांगुणा. सातवीपर्यंत शिकलेली. मी 'हाय' म्हणाले की ही 'आहे' लिहिते. माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून वहीत घालते. कुणी कुणाला बोललेलं तेवढं जसंच्या तसं ठेवते. परवा तिनं थोडं वाचून दाखवलं तर मला वाटलं, ही कोण मोठ्या घरची बाई बोलतेय?

वही धरायचं कारण म्हणजे नगरचे हेमचंद्र डॉक्टर. माझा लेक मच्छिंद्र आम्हाला एस.टी.नं त्यांच्याकडे घेऊन गेला. दाखवायची होती त्याची लेक, मनकर्णा. आम्ही मनू म्हणतो. चार वर्षांची आहे. दिसायला माझ्यावर गेलीय, म्हणजे डॉक्टरला नुसत्या नजरेनं दुखणं कळायला हवं होतं, पण तो बराच वेळ बघत बसला. मनू कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. हाक मारली तर वळत नाही. डोळ्यांपुढं बोटं नाचवत बसते. तिला विचारलं, 'जेवली का मनू?' तर तीही तेच विचारते, 'जेवली का मनू?' माझं म्हणणं, यात वाईट काय? या घरात म्हातारीला जेवली का म्हणून विचारणारं तेवढं एकच माणूस आहे. चांगुणे, हे लिहू नको, तुला लागेल.

खरी तक्रार जात्याची. गावात गिरणी आल्यापासून आमचं जातं ओसरीच्या कोपऱ्यात पडून आहे. लहानसंच आहे, आणि झिजून झिजून हलकं झालंय. मनू सकाळी उठते, तिथं जाऊन बसते, दोन्ही हातांनी खुंटा धरते आणि फिरवते. रिकामं. उन्हं कलली तरी फिरवतेच. आता रिकामं जातं फिरवू नये, घरातलं धान्य उठतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात यंदा दुष्काळ. पाटाला पाणी नाही, रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी. शेजारच्या घरातली माझी धाकटी जाऊ गोजरबाई हात नाचवत म्हणाली, "आक्का, तुमच्या नातीनं फिरवून फिरवून आख्खा मुलूख उपाशी मारला." मी म्हणाले, "गोजरे, येवढी ताकद तिच्या हातात असती तर सरकारनं तिला जीप धाडली असती." असं म्हणाले खरी, पण आत येऊन कणगीत हात घालून बघितला. खरंच, दाणे कमीच वाटले.

डॉक्टरनं मला विचारलं, "आजी, फिरवायच्या आधी ती काय करते? आणि थांबते कशानं?"

"ती फिरवती, मी वरडती. मी वरडायची थांबले की ती फिरवती."

डॉक्टर हसला. म्हणाला, "बंद करा असं मी म्हणत नाही. तिला त्यातून काय मिळतं ते बघा आणि रोज लिहून ठेवा." दुखण्याचं नावही सांगितलं, पण ते इंग्रजी होतं. एस.टी.त बसेपर्यंत ते राहिलं, राहुरी यायच्या आत उतरून गेलं.

मच्छिंद्र साखर कारखान्यात आहे, तिकडंच राहतो, सुट्टीला घरी येतो. त्याला पाडव्याला क्वार्टर मिळणार, एका ओळीत दहा घरं, भिंतीला भिंत. घरी आल्यावर तो म्हणाला, "पुण्यात अशा पोरांची एक संस्था हाय. पाडव्यापातुर हिचं फिरवनं थांबलं तर संगं न्यायची. न्हाईतर तिकडं ठेवायची. लोकांची तोंडं मी कुठवर धरू?" चांगुणा भाकरी थापत होती. भाकरी परातीतच मोडली.

मी म्हणाले, "थांबवते मी. तुझ्या बापाची तंबाखू मीच सोडवली."

"आई, आबा गेलं तवा सुटली."

मी माझी तंबाखूची डबी काढली, झाकणावर तीनदा टिचकी मारली आणि चिमूट घेतली.

संक्रांत

उपाय सापडला. रिकामं फिरवायचं नाही ना? मग जातं रिकामं ठेवायचंच नाही. मनू फिरवायला बसली की समोर मी बसायचं आणि मुठीमुठीनं दाणे टाकायचे. पोरीचा हट्ट पुरेल, अपशकुन टळेल, पीठही मिळेल. इतकी अक्कल माझ्याकडे होती आणि मी ती इतकी वर्षं चुलीपुढं वाया घालवली.

मिलो टाकली. दाणे दगडाखाली गेले, जातं कण्हायला लागलं. मनूनं खुंटा सोडला आणि अशी किंचाळली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मग तिनं काय करावं? पीठ हातानं झाडलं, तोंडानं फुंकलं, परकरानं पुसलं. सगळं लख्ख केलं आणि पुन्हा फिरवायला बसली. रिकामं.

मी म्हणाले, "बराबर हाय लेकी. मिलो मलाबी न्हाई आवडत." ठेवणीतली बाजरी आणली. तीच किंकाळी. हरभरे टाकले. ते तर तिनं एकेक वेचून माझ्या अंगावर टाकले. सणाचा दिवस म्हणून तीळ टाकले, तर जात्याचं तोंडच चिकटलं. चांगुणा अर्धा दिवस जातं धूत बसली.

"आत्याबाई, तिला दानं नकोत," ती म्हणाली.

"मग काय पायजे?"

"ठावं न्हाई." असं म्हणून खाली बघितलं. चांगुणेला काही ठाऊक नसलं की ती खाली बघते. ठाऊक असलं तरी खालीच बघते. त्यामुळं मला कधी फरक कळत नाही.

वाण द्यायला गोजर आली, तिनं ओसरीभर सांडलेलं धान्य बघितलं. म्हणाली, "आक्का, कोंबड्या पाळल्या का?"

वसंतपंचमी, माघ

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही. म्हणजे मी पुष्कळ केलं, पण झालं काही नाही. मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तडतडल्या, मनूला तो आवाज आवडला, एवढंच. मढीच्या नाथांचा अंगारा लावला. काळा दोरा मनगटात बांधला, तर ती त्याची गाठ बोटानं गोल गोल फिरवत बसली. म्हणजे एक फिरवणं थांबवायला गेले ते दुसरं लावून आले.

शेवटी डॉक्टरनं सांगितलं तसं नुसतं बसून बघितलं. फिरवायच्या आधी मनू जात्याच्या दगडावर तीनदा टिचकी मारते. कुठून शिकली देव जाणे. आमच्या घराण्यात असलं काही नाही. मी डबी काढली, तीनदा टिचकी मारली, चिमूट घेतली आणि विचार करत बसले. चांगुणा पदर तोंडात धरून हसायला लागली. काय झालं म्हणून विचारलं तर सांगेना.

आणखी एक. फिरवता फिरवता ती मधेच वाकते आणि दगडाला कान लावते. डोळे मिटून. हे मी गोजरला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "दगडातलं कायतरी तिच्याशी बोलतंय. भगताला बोलवा." हेही लिहू नको. मच्छिंद्र वाचतो कधीकधी.

चांगुणे, मी दोन वाक्यं बोलले की तू पानभर लिहितेस, ते काय असतं?

माघी पौर्णिमा

गोजरच्या पुष्पावतीचं लग्न ठरलं. पोरगा देवळालीचा. आता लग्नाआधी घाणा भरायचा, म्हणजे जात्याची पूजा करून पाच सवाष्णींनी हळकुंडं दळायची. त्याला जातं लागतं. आणि गोजरनं गिरणी आल्या आल्या आपल्या जात्याचा विहिरीवर धुण्याचा दगड केलाय. आली माझ्याकडे.

"आक्का, तुमचं जातं द्या. पर टाकी लावून द्या. लई गुळगुळीत झालंय. व्याह्यांच्या बायका येनार, नाचक्की नको."

"गोजरे, माझ्या जात्याला नावं ठेवू नको. तुझं जातं तर साबन खातंय."

असं म्हणाले, पण लागलंच मनाला. खरंच झिजलंय. पाथरवट दारावरून 'जात्याला टाकीऽऽ' ओरडत चालला होता, त्याला बसवला. त्यानं दगड उलटा केला आणि छिन्नीनं ठकठक सुरू केली. मनू कानात बोटं घालून कणगीच्या मागं जाऊन बसली. चांगुणा म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या ना. घान्यापुरतं चाललं असतं." मी म्हणाले, "चार बायकांत माझं जातं निघनार हाय. तसंच झिजकं धाडू?" मला वाटलं तिला पाथरवटाची भाकरी टाकायचा कंटाळा आला.

पाथरवटानं काम छान केलं. दगड नव्या नवरीच्या तोंडासारखा दिसायला लागला. पुटकुळ्या आलेल्या नवरीच्या, पण नवीच.

दुसऱ्या दिवशी

आज मोठ्या अक्षरात लिही. बंद झालं!

मनू सकाळी आली. तीनदा टिचकी मारली. खुंटा धरला, एक फेरा घेतला. थांबली. वाकून कान लावला. आणखी अर्धा फेरा घेतला. मग खुंटा सोडला, उठली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दिवसभर जात्याकडं फिरकली नाही.

अंगारा नाही, डॉक्टर नाही, टाकीनं केलं. दगड खरबरीत झाला, हात जड पडला, पोरीनं सोडून दिलं. इतकं सोपं. मी वेड्यासारखी हरभरे वेचत होते.

चांगुणा लिहिता लिहिता थांबली. "आत्याबाई, ही आनंदाची गोष्ट हाय ना?"

"मग काय सुतकाची हाय?"

"न्हाई. कशी लिवू म्हनून इचारलं."

चार-पाच दिवसांनी

आजही नाही. शहाणी झाली. मच्छिंद्राला निरोप धाडला.

घाण्याचा दिवस, माघ वद्य

जातं गोजरच्या अंगणात गेलं. त्याला आंब्याची पानं, हळदीचा दोरा, सुपारी. मी कुंकू पुसलेली बाई, घाण्याला माझा हात चालत नाही. म्हणून मनूला धरून कडेला बसायचं काम माझ्याकडं. खरं तर मला बरंच वाटलं, बसल्या जागेवरून नावं ठेवायला सोपं जातं. एकीलाही धड खुंटा धरता येत नव्हता. गिरणीनं पोरींचे हात बिघडवले.

मनू माझ्या मांडीवर कपड्याच्या बोचक्यासारखी पडून होती. पूर्वी चार बायका एका सुरात ओरडल्या असत्या तर हिनं मांडव डोक्यावर घेतला असता. आज हूं नाही की चूं नाही. बोटंसुद्धा नाचवली नाहीत. गोजर कौतुकानं म्हणाली, "आक्का, पोरगी सुधारली की!"

"माझ्यावर गेलीय."

"मग अजून पुरती न्हाई सुधारली."

मच्छिंद्र आला होता. त्यानं मनूला चारचौघांत खांद्यावर घेतलं. कधी घेत नाही. तिच्या हातात बुंदीचा लाडू दिला. मला म्हणाला, "आई, पुन्याचं रद्द. पाडव्याला चौघंबी क्वार्टरवर." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. धूर झाला म्हणाला.

चौघं म्हणजे मलाही धरलंय. मी काही त्या आगपेटीत जाणार नाही. पण बोलावलं ते ऐकायला बरं वाटलं.

घरी आल्यावर चांगुणेनं मनूची मूठ उघडली. लाडू तसाच होता.

फाल्गुन लागला

जातं परत ओसरीत आलं. मनू त्याच्याकडं बघत नाही. पुष्पावतीच्या लग्नानंतर चांगुणा फार बोलत नाही. दमली असेल.

मनू सांगितलं तिथं बसते, निजवलं तिथं निजते. दूध पुढं केलं तर पिते, न केलं तर मागत नाही. परकराची नाडी आतून दोनदा आवळावी लागली. भिंतीला कपाळ टेकते आणि हळूहळू आपटते. लागण्यासारखं नाही. एका ठेक्यात चालतं. कपाळावर थोडं काळंनिळं दिसतं तिथं मी हळद लावली.

हे लिहू नको. पाडव्यापर्यंत निघून जाईल.

होळीच्या आदल्या दिवशी

आज पुरणाला डाळ नाही म्हणून मी सकाळपासून चिडलेली होते. गुळाच्या भाकरीवर भागवायचं ठरलं. मनूच्या पुढ्यात तुकडा ठेवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "जेवली का मनू?"

काही नाही.

मला वाटलं ऐकलं नसेल. पुन्हा विचारलं. भिंत बरी. पुन्हा विचारलं. मग मी विचारतच राहिले. मोठ्यानं विचारलं, हळू विचारलं, लाडानं विचारलं, दरडावून विचारलं. चांगुणा चुलीपुढून म्हणाली, "आत्याबाई, किती येळा त्येच त्येच इचारताय?"

तेव्हा मीच मला ऐकू आले.

"ही कधीपासून बोलंना झालीय?" मी विचारलं.

"टाकी लावल्यापासून."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाई. तुमी सांगायचं, मी लिवायचं, आसं ठरलं हुतं."

मी तिला म्हणाले, बस. ती बसली. आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून जेवढं बोलली नसेल तेवढं आज बोलली. म्हणाली, मनूला फिरवायचं नव्हतंच, तिला आवाज पाहिजे होता. झिजलेलं जातं रिकामं फिरलं की त्यातून बारीक सूर निघायचा. मोहोळाजवळ कान नेल्यासारखा. दाणे पडले की तो जायचा, म्हणून ती किंचाळायची. टाकी लावली आणि तो कायमचा गेला.

"तुला कसं ठावं?"

आता ती खाली बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं. "तुमी गिरनीवर गेल्या की मी तिच्या संगं बसायची. दोघी फिरवायचो."

"रिकामं?"

"रिकामं."

"माझ्या घरात?"

"व्हय. तेवढ्या येळात ती माझ्याकडं बगायची. तोंडाकडं."

मला फार राग यायला पाहिजे होता. तो यावा म्हणून मी डबी काढली, झाकणावर तीनदा टिचकी मारली. आणि हात तिथंच राहिला. मी चांगुणेकडं बघितलं. ती पुन्हा पदर तोंडात धरून बसली होती, पण या वेळी हसत होती की काय ते कळेना.

पाथरवटाच्या वेळी ती 'ऱ्हाऊ द्या' म्हणाली होती. मी त्याला भाकरीचा कंटाळा समजले. अशी मी हुशार.

एक गोष्ट आम्ही दोघी बोललो नाही, पण दोघींच्या मनात तीच होती. आवाज परत आला तर मनू परत फिरवणार. मनू परत फिरवायला लागली तर पुणे.

रंगपंचमीच्या मागंपुढं

चार दिवस वाळू दळतेय. हो, वाळूच लिही. प्रवरेची, कोरडी, चाळून घेतलेली. दगड लवकर झिजवायचा तर वाळूसारखं काही नाही. आणि दुसरं म्हणजे वाळू टाकली की जातं रिकामं नसतं. अपशकुनही नाही, धान्याची नासाडीही नाही. डोळ्यांत धूळ टाकायची म्हणतात, मी देवाच्या डोळ्यांत वाळू टाकली.

एका बाजूनं मी, एका बाजूनं चांगुणा. गोजर कुंपणावरून बघून गेली. "आक्का, वाळूच्या भाकरी करता का काय?"

"व्हय. दुष्काळ हाय. तुला धाडू दोन?"

खांदे भरून आलेत. गिरणीनं पोरींचे हात बिघडवले म्हणाले होते, माझेही फार बरे राहिले नाहीत. दळता दळता चांगुणेला विचारलं, "आवाज बराबर झाला हे कळायचं कसं?" ती म्हणाली, "आपल्याला न्हाई कळनार. तिला कळंल." मनू भिंतीशी. कपाळ, भिंत. कपाळ, भिंत.

फाल्गुन वद्य, मच्छिंद्राच्या सुट्टीचा दिवस

आज सकाळी चांगुणेनं वाळू झाडून काढली, दगड पुसले आणि म्हणाली, "आता रिकामं फिरवून बगाया पायजे."

"तू फिरव."

"टाकी लावल्यापासनं जड झालंय, एकीच्यानं सुरात चालत न्हाई. मनू नसली तर तुमीच पायजे."

दहाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हापासून गिरणी येईपर्यंत जात्यावर बसले. पहिल्या दिवशी सासूनं सांगितलं होतं, शेवटची मूठ संपायच्या आत हात थांबव. मी रोज थांबवला. एकदाही चुकले नाही. मी खुंट्याला हात लावला आणि खोटं कशाला सांगू, पुन्हा मागं घेतला. धान्य उठेल म्हणून नाही. कणगीत उठायला धान्य होतंच कुठं? पण हाताला सवय नव्हती.

फिरवलं. आधी खरखर. मग थोडी कमी. चांगुणा म्हणाली, "हळू, आत्याबाई, तुमी दळताय. दळू नका, नुसतं फिरवा." दळू नका! मला जातं फिरवायला शिकवत होती. मी हळू केलं. आणि मग कुठूनतरी तो निघाला. बारीक. दगडाच्या पोटातून. मोहोळ म्हणाली होती, पण मला वाटलं लांबच्या विहिरीवर कुणी बाई स्वतःशीच गुणगुणतेय. आख्खा जन्म जात्यावर काढला आणि त्याचा स्वतःचा आवाज आज ऐकला. मीच त्याच्या तोंडात सारखे दाणे कोंबत आले, ते बोलणार कधी?

भिंतीवरचा ठेका थांबला. आम्ही दोघींनी मान वळवली नाही. पावलं आली. मनूनं दगडावर तीनदा टिचकी मारली. वाकून कान लावला. बराच वेळ. मग तिनं माझी बोटं एकेक करून खुंट्यावरून सोडवली आणि मला बाजूला ढकललं. पन्नासावर वर्षांत मला जात्यावरून कुणी उठवलं नव्हतं.

मी बाजूला झाले नाही. खुंट्याला थोडी जागा होती, तिथं एक बोट ठेवून फिरवत राहिले. तिनं चालवून घेतलं.

तेवढ्यात दारात मच्छिंद्राची सायकल आणि कुंपणावर गोजर, दोन्ही एकदमच. गोजर ओरडली, "आगं बया! आक्का, रिकामं जातं! तुमी?"

"दुष्काळ यायचा तो येऊन बसलाय, गोजरे. आता अजून कोन येनार?"

मच्छिंद्र सायकल धरून उभाच. माझ्याकडं बघतोय, जात्याकडं बघतोय. तोंड उतरलेलं. म्हणाला, "आई, आता तुलाबी पुन्याला सोडू का?"

"सोड. पर जातं संगं दे. आन आमा दोघींना एकच खोली बग."

त्याला हसू आलं नाही. मलाही नाही. मनू वर बघायला लागली. बापाच्या तोंडाकडं नाही, सायकलच्या चाकाकडं, पण बोलली. "जेवली का मनू?"

"ही रोजच म्हनती," मच्छिंद्र म्हणाला.

चांगुणा उठून उभी राहिली. नवऱ्यासमोर ती मोठ्यानं बोललेली मी पाहिलेली नाही, आजही मोठ्यानं नाही बोलली. "न्हाई म्हनत रोज. फिरवनं थांबलं तवा हेबी थांबलं हुतं. खानंबी. कपाळ बगा तिचं. दोन्ही संगं जातं आन दोन्ही संगं येतं. आर्धी पोर न्हाई नेता येनार. काय ते ठरवा." आणि आत गेली. पीठ मळायला गेली असेल. पीठ नव्हतं तरी.

मच्छिंद्रानं सायकल भिंतीला लावली. मनूचे केस वर सारून कपाळ बघितलं. ती फिरवत होती, हलली नाही. मग तो चपला काढून पायरीवर बसला. जातं चालूच होतं.

ओसरीवर नजर फिरवत तो म्हणाला, "क्वार्टरला ओसरी न्हाई."

मी बहिरी झाले. म्हातारपणाचा हा एक फायदा.

"खिडकीखाली थोडी जागा हाय," तो म्हणाला. "भिंतीपलीकडं एक पाटील म्हनून हायेत. रात्रपाळीला असत्यात. दिवसा झोपत्यात."

"मग त्यांना झोप चांगली लागंल," मी म्हणाले.

गुढीपाडवा, चैत्र

आज निघायचं. टेम्पो दारात उभा आहे. जातं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवलंय. वरचा दगड उभा ठेवायचा की आडवा, यावर मच्छिंद्र आणि टेम्पोवाला अर्धा तास भांडले. गोजरनं गुढीची साखरगाठी मनूच्या गळ्यात घातली. मनू तिच्यातलं एकेक पदक मोजल्यासारखं सरकवतेय, आता साखर संपेपर्यंत तेच. गोजर म्हणाली, "आक्का, जातं चाललं, आता पुढच्या लग्नाला मी काय करू?" मी म्हणाले, "विहिरीवरच्या तुझ्या जात्याचा साबन धू आन ते वापर."

मीही जातेय. पण लिही, राहायला नाही. जातं नीट बसलं का ते बघायला. जातं नीट बसायला किती दिवस लागतात ते जात्यावर आहे.

डॉक्टरला पुढच्या महिन्यात वही दाखवायची. विचारलं होतं ना, फिरवायच्या आधी काय करते आणि थांबते कशानं? आधी आजीसारखी टिचकी मारते, हे लिही. थांबते कशानं, ते अजून ठाऊक नाही. आता मी थांबवायला बसत नाही, शेजारी बसते, त्यामुळं आधी मीच दमते.

हे काय? मनू टेम्पोवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघत विचारतेय, "जेवली का मनू?" आता हा हसणार. नाहीतर 'येडी हाय का' म्हणून विचारणार. सगळे तेच करतात.

तो म्हणाला, "न्हाई बाई. सकाळपासनं कायबी न्हाई खाल्लं."

चांगुणे, ऐकलंस? तिला सरळ जवाब देणारा पहिला माणूस. वही ठेव बाजूला. पेन्सिल खाली ठेव आधी. आगं लिहितेस काय अजून, ऊठ, त्याला भाकरी वाढ